मागच्या खोलीतून घडणारे नेतृत्व

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ज्या शहरात मी राहते, तेथे एका चर्चच्या तळघरात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आठ माणसे जमत असत. आठही कृष्णवर्णीय, त्यांत सहा स्त्रिया. आठही जण लहान स्वयंसेवी संस्थांचे कार्यकारी संचालक, आणि त्यांपैकी एकालाही त्या पदावर येऊन तीन वर्षे झालेली नव्हती. एका फाउंडेशनने दीड वर्षाचा खर्च उचलून हा गट बांधला होता, एक निवृत्त संचालिका मार्गदर्शक म्हणून बसत असे, आणि मी व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे ताळेबंद कसा वाचावा हे सांगण्यापुरते मला चार बैठकांना बोलावले होते. दुसऱ्या बैठकीत एका संचालिकेने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून टेबलावर पसरला. शाळा सुटल्यानंतर मुलांना सांभाळण्याचे आणि त्यांचा अभ्यास घेण्याचे काम तिची संस्था करते. नगर प्रशासनाच्या एका विभागाशी तिचा करार होता. पण अशा करारात संस्थेने आधी पदरचे पैसे खर्च करायचे, मग पावत्या जोडून बिल पाठवायचे आणि नंतर वाट पाहत बसायचे, अशी रीत असते. तिची चार महिन्यांची बिले अडकली होती. शिक्षकांचे पगार चुकू नयेत म्हणून तिने दोन महिने स्वतःचा पगार घेतला नव्हता, आणि ही गोष्ट विश्वस्तांच्या कानावर घातलेली नव्हती. "माझ्या आधीच्या संचालकांनी चौदा वर्षे ही संस्था चालवली, मला दोन वर्षेही निभावता येत नाहीत, म्हणजे उणीव माझ्यातच असणार," असे ती कागदावरची नजर न काढता म्हणाली.

समोर बसलेल्या गृहस्थांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि आपली पाच महिन्यांची बिले त्याच विभागाकडे पडून असल्याचे सांगितले. मग तिसरी बोलली, मग चौथी. तासाभरात कळले ते असे की, आठांपैकी पाच जणांचे पैसे त्या एकाच विभागात अडकले होते, आणि पाचही जण, आपण या पदाला लायक आहोत का, हा प्रश्न घेऊन रात्ररात्र एकटे जागत होते. पुढच्या बैठकीपूर्वी मी पहिल्या संस्थेचे जुने ताळेबंद मागवून घेतले. आधीच्या, गोऱ्या संचालकांच्या काळातही बिले उशिराच निघत. परंतु तेव्हा एका विश्वस्ताच्या ओळखीने बँकेने संस्थेला ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही पैसे काढण्याची, सोय दिलेली होती. संचालक निवृत्त झाले, त्यांच्यापाठोपाठ तो विश्वस्तही मंडळातून बाहेर पडला आणि बँकेने ती सोय पुढे चालू ठेवली नाही. नव्या संचालिकेकडे पद आले तेव्हा त्या पदाचा टेकू आधीच निघून गेलेला होता, आणि असा काही टेकू होता हे तिला कोणी सांगितलेही नव्हते.

उदयोन्मुख कृष्णवर्णीय नेत्यांसाठीच्या सामूहिक मार्गदर्शनाविषयी, म्हणजे तिकडे ज्याला ग्रुप मेंटॉरशिप म्हणतात त्याविषयी, माझे मत त्या कागदापासून सुरू होते. अशा गटांची बाजू मांडताना आत्मविश्वास, प्रेरणा आणि ओळखीपाळखी यांचा उल्लेख हमखास होतो. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, परंतु केवळ त्यांच्यासाठी गट बांधण्याचे कारण नाही. एखादा चांगला मित्र किंवा एखादे चांगले व्याख्यानही तेवढे काम करते. गटाचे खरे काम वेगळे आहे. जी अडचण प्रत्येकाला स्वतःची नालायकी वाटत असते ती व्यवस्थेतून आलेली आहे हे आकड्यांनिशी समोर येणे, आणि ते समोर आल्यावर सर्वांना मिळून त्यावर काही करता येणे, हे ते काम होय. यातले पहिले घडून दुसरे घडत नसेल तर तो गट दुःख वाटून घेण्याची जागा ठरतो. आणि पहिलेही घडत नसेल तर, कृष्णवर्णीय माणसांमध्ये काही तरी कमी आहे व ते बाहेरून भरून द्यायचे आहे, या जुन्याच समजुतीवर नवा पैसा खर्च केल्यासारखे होते.

ही समजूत निराधार आहे हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. 'बिल्डिंग मूव्हमेंट प्रोजेक्ट' या संस्थेने २०१६ मध्ये अमेरिकेतील ना-नफा क्षेत्रात काम करणाऱ्या चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली आणि पुढच्या वर्षी 'रेस टू लीड' या नावाने तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोरेतर कर्मचाऱ्यांपैकी ५० टक्क्यांना संस्थेच्या प्रमुखपदावर जाण्याची इच्छा होती, गोऱ्यांपैकी ४० टक्क्यांना. आणि दोन्ही गटांच्या शिक्षणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तरीही प्रमुखपदी असलेल्या गोरेतर व्यक्तींचे प्रमाण त्याआधीची पंधरा वर्षे २० टक्क्यांच्या आतच राहिले होते. विश्वस्त मंडळांच्या विषयावर काम करणाऱ्या 'बोर्डसोर्स' या संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत ९० टक्के मुख्य अधिकारी आणि ८४ टक्के विश्वस्त गोरे होते. २०२१ च्या पाहणीत हे आकडे ८७ आणि ७८ झाले. इच्छा होती, शिक्षण होते, आणि तरी माणसे वर पोहोचत नव्हती. तेव्हा या लोकांना शिकवण्याची गरज आहे, हे उत्तर मुळात प्रश्नालाच चुकवून जाते.

पैशांचे आकडे यापेक्षाही बोलके आहेत. नव्या सामाजिक उपक्रमांना पाठबळ देणारी 'एकोइंग ग्रीन' आणि सल्लागार संस्था 'ब्रिजस्पॅन' यांनी २०२० मध्ये एकोइंग ग्रीनच्याच निवडप्रक्रियेत वरच्या पायरीपर्यंत पोहोचलेल्या, म्हणजे गुणवत्तेने तोडीस तोड ठरलेल्या, अर्जदारांच्या संस्थांची तुलना केली. कृष्णवर्णीय प्रमुख असलेल्या संस्थांचे उत्पन्न गोरे प्रमुख असलेल्या संस्थांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी होते, आणि ज्यावर कोणतीही अट नाही अशी त्यांची शिल्लक मालमत्ता ७६ टक्क्यांनी कमी होती. कृष्णवर्णीय पुरुष आणि मुलगे यांच्या प्रगतीसाठीच्या उपक्रमांत तर हे आकडे ४५ आणि ९१ टक्के निघाले. माझ्या व्यवसायात यातल्या दुसऱ्या आकड्याला अधिक वजन आहे. अटींसह दिलेला पैसा म्हणजे, इतक्या मुलांना इतकी दप्तरे द्या, पावती दाखवा, असे सांगून दिलेला पैसा. त्यातून भाडे भरता येत नाही, अडीअडचणीला हात घालता येत नाही. विनाअट पैसा म्हणजे, तुम्हाला योग्य वाटेल तेथे खर्च करा, असे म्हणून दिलेला पैसा. पहिला कामासाठी दिला जातो, दुसरा माणसावर भरवसा असल्याशिवाय दिला जात नाही. ७६ टक्क्यांची तूट ही त्या भरवशाची तूट आहे, आणि संचालिकेने दहा कार्यशाळा केल्या तरी ती तिच्या बाजूने भरून निघणारी नाही.

समूहातून नेतृत्व घडवण्याची रीत कृष्णवर्णीय अमेरिकनांना कोणत्याही फाउंडेशनने शिकवलेली नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' काढली ती एकमेकांच्या आजारपणाला, विधवांना आणि अनाथांना आधार देण्यासाठी. १८९६ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला तेव्हा त्यांनी घेतलेल्या ब्रीदाचा अर्थच, आपण वर चढताना इतरांना वर घेत जाऊ, असा होता. परंतु या परंपरेतले जे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते ते दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटनजवळच्या जॉन्स आयलंड या बेटावरचे आहे, आणि आजच्या गटांनी काय करावे व काय करू नये याचे बहुतेक सारे धडे त्यात सापडतात.

या बेटावर ईसॉ जेंकिन्स नावाचे एक गृहस्थ बस चालवीत आणि बेटावरच्या कामकऱ्यांना शहरात नेऊन सोडीत. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. ही अट कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठीच होती. बसमधल्या एका बाईने जेंकिन्स यांना वाचायला शिकवण्याची विनंती केली आणि त्यांनी बसमध्येच शिकवायला सुरुवात केली. पुढे टेनेसीतील 'हायलँडर फोक स्कूल' या प्रशिक्षण केंद्राची आणि तेथे काम करणाऱ्या सेप्टिमा क्लार्क यांची मदत मिळाली, केंद्राने दिलेल्या कर्जातून एक जुनी इमारत घेतली, पुढच्या भागात सहकारी किराणा दुकान थाटले आणि मागच्या खोलीत जानेवारी १९५७ मध्ये प्रौढांचा वर्ग सुरू झाला. दुकान पुढे ठेवण्याचे कारण हेच की, मागे काय चालले आहे ते गोऱ्यांच्या नजरेस येऊ नये. पहिल्या वर्गात चौदा विद्यार्थी होते.

शिक्षिका कोणाला करायचे हा प्रश्न आला तेव्हा क्लार्क आणि जेंकिन्स यांनी मुद्दामच शाळेतली शिक्षिका निवडली नाही. त्यांनी बर्नीस रॉबिन्सन यांना गळ घातली. रॉबिन्सन चार्ल्सटनमध्ये केशभूषेचा व्यवसाय करीत, कपडे शिवीत. शिकवण्याचा अनुभव त्यांना नव्हता आणि त्या आधी तयारही नव्हत्या. या निवडीमागे दोन कारणे होती. एक म्हणजे शिक्षकी पेशातला माणूस प्रौढांना लहान मुलांसारखे वागवण्याची भीती होती. दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते: रॉबिन्सन यांची सगळी गिऱ्हाइके कृष्णवर्णीय होती, त्यामुळे त्यांना नोकरीवरून काढण्याची ताकद कोणत्याही गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाती नव्हती. सेप्टिमा क्लार्क यांना ती ताकद काय असते ते नुकतेच कळले होते. राज्याने सरकारी नोकरांना एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे सभासद होण्यास बंदी केली, क्लार्क यांनी सभासदत्व सोडण्यास नकार दिला, आणि चाळीस वर्षांच्या अध्यापनानंतर १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली.

रॉबिन्सन पहिल्या दिवशी प्राथमिक शाळेतले साहित्य घेऊन गेल्या आणि ते या माणसांच्या उपयोगाचे नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आले. त्यांनी साहित्य बाजूला ठेवले आणि तुम्हाला काय शिकायचे आहे असे विचारले. उत्तरे साधी होती: स्वतःची सही करता यावी, बायबल वाचता यावे, मनीऑर्डरचा फॉर्म आणि टपालाने वस्तू मागवण्याचा फॉर्म भरता यावा. वर्ग तेथून सुरू झाला आणि मतदार नोंदणीच्या फॉर्मपर्यंत पोहोचला. भिंतीवर त्यांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता आणि वर्ग संपेपर्यंत तो प्रत्येकाला वाचता आला पाहिजे असे ठरवले होते. मनीऑर्डर आणि मानवी हक्क एकाच भिंतीच्या आत आल्यामुळे हा वर्ग निव्वळ साक्षरतेचा राहिला नाही. शेजारच्या बेटांवर वर्ग निघाले, शिकलेले पुढे शिकवू लागले, आणि १९६१ मध्ये हायलँडरवर टेनेसी राज्याने टाच आणल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हा उपक्रम आपल्याकडे घेऊन दक्षिणेतल्या हजारो लोकांना शिक्षक म्हणून तयार केले. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर याच प्रशिक्षणातून गेल्या. जून १९६३ मध्ये प्रशिक्षण आटोपून परतताना वाटेत त्यांना अटक झाली, विनोना येथील तुरुंगात बेदम मारहाण झाली, आणि तरीही पुढच्या वर्षी त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात आपल्या राज्यातील कृष्णवर्णीयांच्या वतीने उभ्या राहिल्या.

याच सुमारास एला बेकर या कार्यकर्तीने हीच गोष्ट वेगळ्या ठिकाणी करून दाखवली. एनएएसीपीच्या शाखा बांधत त्यांनी १९४० च्या दशकात दक्षिणेतल्या गावोगावी प्रवास केला होता, स्थानिक कार्यकर्त्यांसाठी नेतृत्वाची शिबिरे घेतली होती, आणि पुढे बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार देऊन गाजलेल्या रोझा पार्क्स त्यांतल्या एका शिबिराला होत्या. किंग यांच्या संघटनेची घडी बसवण्यातही बेकर यांचा मोठा वाटा होता. पण कार्यकारी संचालकपद त्यांच्याकडे आले ते केवळ हंगामी. पाद्र्यांनी भरलेल्या त्या संघटनेत वीस वर्षांच्या अनुभवाची स्त्री त्या खुर्चीवर कायम होऊ शकली नाही. एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील शॉ विद्यापीठात त्यांनी वंशभेदाविरुद्ध उपाहारगृहांत धरणे धरणाऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र बोलावले, आणि मोठ्यांनी त्यांना आपल्या संघटनेची युवक शाखा करू पाहिले तेव्हा विद्यार्थ्यांनी स्वतंत्र राहावे यासाठी त्या ठाम उभ्या राहिल्या. त्यातून 'स्निक' ही विद्यार्थी संघटना जन्माला आली. नेत्याभोवती जमलेला गट आणि गटातून वर येणारे नेतृत्व या दोहोंतला फरक बेकर यांनी त्याच वर्षी लिहून ठेवला. विद्यार्थ्यांच्या बैठकांत त्या मागे बसून बहुधा प्रश्नच विचारीत, ही त्यांची ख्याती होती.

बेकर यांचे उदाहरण मी आणखी एका कारणाने देते. 'उदयोन्मुख' हा शब्द मला खटकतो. चर्चच्या तळघरातल्या त्या आठ जणांपैकी तिघांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यांनी वीस-वीस वर्षे कार्यक्रम चालवले होते, नव्या गोऱ्या संचालकांना संस्थेची घडी शिकवली होती, आणि मग एखाद्या संकटानंतर, विश्वस्तांना बदल दाखवण्याची गरज पडली तेव्हा, त्यांना खुर्ची देण्यात आली. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थांची पोलिसांकडून हत्या झाल्यानंतरच्या काळात असे पुष्कळ घडले. ज्या संस्थेची शिल्लक संपली आहे, ज्येष्ठ कर्मचारी निघून गेले आहेत, तेथे नवी व्यक्ती आणायची आणि दोन वर्षांत ती थकली की, आम्ही प्रयत्न केला, असे म्हणायचे. अशा व्यक्तीला उदयोन्मुख म्हणणे म्हणजे ती आत्ताच शिकू लागली आहे असे सुचवणे होय. प्रत्यक्षात ती शिकलेली आहे, तिला उशिरा आणि पडक्या घरात बोलावले गेले आहे.

सामूहिक मार्गदर्शनावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. गट दिलासा देतो, पण दार उघडत नाही. दार उघडतो तो आतला, अधिकार असलेला एक माणूस, तेव्हा पैसा आणि वेळ अशा माणसांशी एकास एक गाठ घालून देण्यावर खर्च करावा, असे म्हटले जाते. हार्वर्डमधील प्राध्यापक आणि पुढे मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झालेले डेव्हिड थॉमस यांनी २००१ मध्ये तीन मोठ्या कंपन्यांतील अल्पसंख्याक वंशाच्या अधिकाऱ्यांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. सर्वोच्च स्तरापर्यंत पोहोचलेल्यांना केवळ कामाच्या सूचना देणारे नव्हे, तर त्यांच्या पाठीशी उभे राहणारे मार्गदर्शक लाभले होते, आणि ते एकच नव्हते, अनेक होते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी २०१० मध्ये स्त्रियांबाबत हेच दाखवले की, सल्ला देणारे त्यांना भरपूर भेटतात, त्यांच्या नावासाठी शब्द टाकणारे मात्र भेटत नाहीत. हा आक्षेप मला मान्य आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. एकास एक नाते ज्याला लाभते त्याचे भले होते, परंतु ओळखीवर चालणारी व्यवस्था जशीच्या तशी राहते आणि पुढच्या माणसालाही तसाच एखादा हितचिंतक शोधत फिरावे लागते. शिवाय वरिष्ठ गोऱ्या मार्गदर्शकासमोर, माझा पगार थकला आहे, हे वाक्य उच्चारणे सोपे नसते. तोच उद्या एखाद्या निवड समितीवर बसलेला असू शकतो. आधी आपल्यासारख्यांत बोलून अडचण नीट समजून घ्यावी आणि मग सर्वांनी मिळून अधिकाऱ्यांसमोर जावे, हा क्रम अधिक उपयोगी आहे. त्या पाच जणांनी तेच केले. एकाच पत्रावर पाचांच्या सह्या, सोबत मी तयार केलेला थकीत बिलांचा तक्ता, आणि कराराच्या रकमेपैकी काही भाग आगाऊ देण्याची मागणी. तिघांचे पैसे त्या महिन्यात आले, दोघांचे आले नाहीत, आगाऊ रकमेचा प्रश्न विभागाने पुढे ढकलला. फार मोठे यश नाही, परंतु एकटीच्या फोनला जे उत्तर कधी मिळाले नव्हते ते पत्राला मिळाले.

दुसरी अडचण गटाच्या आतली आहे आणि तिच्याविषयी कमी बोलले जाते. एकाच शहरातले संचालक एकाच फाउंडेशनकडे अर्ज करीत असतात. ज्याच्याशी मन मोकळे करायचे तोच मार्चमध्ये आपला प्रतिस्पर्धी असतो. त्यात निधी देणाऱ्यांचा प्रतिनिधी येऊन बसला तर बोलणेच बदलते. आमच्या तिसऱ्या बैठकीला अशी एक अधिकारी अत्यंत सद्भावनेने आली होती. त्या दोन तासांत थकलेले पगार कोणाच्याही तोंडी आले नाहीत. सर्वांसमोर आव्हाने होती आणि सर्वांना संधी दिसत होत्या. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, निधी देणाऱ्याने निधी द्यावा आणि खोलीबाहेर राहावे. गटात काय बोलले गेले याचा अहवाल मागू नये. सभासदांना हजेरीचे मानधन द्यावे, कारण चार माणसांच्या संस्थेत संचालिका अर्धा दिवस नसली की तिचे काम करायला दुसरे कोणी नसते. मार्गदर्शक कोण असावा हे गटाने ठरवावे. आणि त्याने रॉबिन्सन यांच्यासारखे पहिल्या दिवशी आपले साहित्य बाजूला ठेवण्याची तयारी ठेवावी. मुदतीबद्दल तर मला तीव्रतेने बोलावेसे वाटते. दीड वर्षाच्या गटात पहिले सहा महिने विश्वास बसण्यात जातात, पुढचे सहा प्रश्न ओळखण्यात, आणि काही करण्याची वेळ येते तेव्हा समारोपाचा कार्यक्रम आखलेला असतो. तीन वर्षांहून कमी मुदतीचा गट बांधू नये.

केवळ कृष्णवर्णीयांसाठी वेगळी खोली असावी का, असा प्रश्न आता अमेरिकेत न्यायालयांपर्यंत गेला आहे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटातील 'फिअरलेस फंड'वर खटला भरला गेला, कारण कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लहान उद्योगांना तो २० हजार डॉलरचे अनुदान देत होता. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने अनुदान रोखले आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती योजना बंद झाली. विविधता आणि समावेशाच्या कार्यक्रमांविरुद्ध जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या अध्यक्षीय आदेशांनंतर सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थाही धास्तावल्या आहेत. फिअरलेस फंडाविरुद्ध वापरलेला आधार १८६६ च्या नागरी हक्क कायद्यात आहे. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना गोऱ्यांच्या बरोबरीने करार करता यावेत म्हणून तो कायदा झाला होता, आणि त्यांच्याच पणतींना मिळणारे अनुदान थांबवण्यासाठी तो वापरला गेला, याचे मला अतोनात दुःख आहे. वेगळी खोली म्हणजे फाळणी, हा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु आठ माणसे महिन्यातले तीन तास आपापसांत बोलतात आणि उरलेला सारा महिना मिश्र मंडळांसमोर, मिश्र कर्मचाऱ्यांसोबत काम करतात. त्या तीन तासांमुळे समाज दुभंगत नाही. कायद्याच्या कचाट्यातून वाचण्यासाठी आता पुष्कळ कार्यक्रम, विषमतेवर काम करणारा कोणीही येऊ शकतो, अशी दारे उघडत आहेत, आणि व्यवहार म्हणून ते योग्यच आहे. फक्त दार उघडताना विषय बदलू नये. वंशभेदामुळे भरवसा आणि पैसा कमी मिळतो, हे वाक्य पत्रकावरून गेले की हळूहळू ते खोलीतूनही जाते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले, डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी पाठवलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या; १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच तिकडून घेतले. आणि संस्थेची खुर्ची कोणाकडे असावी हा पेचही आपल्याकडे जुना आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते आणि कार्यकारी मंडळ आंबेडकरांच्या हाती होते. प्रतिष्ठितांचे नाव वर आणि काम व निर्णय आपल्या हाती, अशी ती रचना होती. त्यानंतरच्या शंभर वर्षांत महाराष्ट्रात दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांसाठी काम करणाऱ्या असंख्य संस्था निघाल्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केल्यापासून त्यांच्याकडे पैसाही येऊ लागला. त्यांतल्या कितींच्या धनादेशावर त्या समाजातल्या माणसाची सही असते, आणि वस्तीत वीस वर्षे काम केलेली कार्यकर्ती इंग्रजीत प्रस्ताव लिहिता येत नाही म्हणून कितींमध्ये 'समन्वयक' म्हणूनच निवृत्त होते, हे प्रत्येक संस्थेने आपल्या घरात पाहावे.

त्या गटाचा समारोप झाला तेव्हा फाउंडेशनने प्रत्येकाला एक प्रश्नावली दिली. तुमचा आत्मविश्वास किती वाढला, एक ते पाचमध्ये सांगा. तुमचे संपर्क किती वाढले, एक ते पाचमध्ये सांगा. सर्वांनी चार किंवा पाच लिहिले, आणि ते खरेही होते. मला अधिकार असता तर मी ती प्रश्नावली सभासदांना न देता त्यांच्या विश्वस्त मंडळांना आणि निधी देणाऱ्यांना दिली असती, आणि तीच प्रश्नावली तीन वर्षांनी पुन्हा पाठवली असती. एकही अनुदान आले नाही तर आज तुमची संस्था किती महिने चालेल? आधीच्या संचालकाला शेवटच्या वर्षी मिळणारा पगार आणि आताच्या संचालिकेचा पगार यांत किती फरक आहे? या तीन वर्षांत तुम्ही तिला विनाअट किती रक्कम दिली, आणि ती अजून त्या खुर्चीवर आहे का?